दशमीचा भात

१

त्रिविक्रमराव गेले याचं बसवनगुडीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. सत्तरी उलटली होती, अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, आज ना उद्या जाणारच होते. ते एकादशीच्या दिवशी जेवून गेले, याचं मात्र साऱ्या गल्लीला नवल वाटलं.

इन्स्पेक्टर प्रतापराव लाड यांना कशाचंच नवल वाटलं नाही. उभा जन्म म्हैसूर राज्याच्या पोलिसात घालवल्यावर माणसाचं नवल आटून जातं, तसं त्यांचं आटलं होतं. त्यांना फक्त थकवा आला. पेन्शनीला थोडे महिने राहिले होते, पोटात सकाळ-संध्याकाळ जळत होतं, आणि थर्मासमधलं दूध पिऊन पिऊन तोंडाची चव गेली होती. अशा वेळी एखाद्या सोवळ्या घरात खून व्हावा, हे त्यांना निव्वळ छळल्यासारखं वाटलं.

त्रिविक्रमराव म्हणजे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले माध्व देशस्थ. पाच पिढ्या बेंगळूरात, पण घरात मराठी. त्यांच्या उपासांची ख्याती मोठी. दशमीला दुपारी एकदाच जेवण, एकादशीला पाण्याचा थेंब नाही, द्वादशीला उजाडताच पारणं. गेल्या वर्षात तर त्यांनी रोजचं जेवणही कमी कमी करत आणलं होतं. लोक रस्त्यात चपला काढून त्यांना नमस्कार करायचे.

आषाढ वद्य एकादशीच्या संध्याकाळी सून पुष्पावती देवापाशी दिवा लावून सासऱ्यांच्या खोलीत डोकावली, तर ते चटईवर पडलेले. हात मनगटात वळलेले, अंगठे तळव्यात रुतलेले, दातखीळ बसलेली. कोपऱ्यावरचे डॉक्टर धावत आले, पण जीव गेलेला होता. हातांकडे बघून डॉक्टरांनी कुचल्याच्या विषाचं नाव काढलं, आणि घरात पोलीस आले.

विष होतं की नाही ते सरकारी रसायनशाळा सांगणार होती, आणि तिचं उत्तर यायला तिच्या सवडीने वेळ लागणार होता. पण शवचिकित्सा करणाऱ्या तरुण डॉक्टरने एक गोष्ट ठासून लिहिली. जठरात भात होता, चांगला मोठा गोळा. त्यात मुगाची डाळ, वाळक्या फळाच्या फोडी, मिऱ्यांचे तुकडे. लहान आतडं रिकामं, मोठं आतडं जवळजवळ रिकामं. अर्थ असा की भात खाल्ल्यावर तास-दोन तासांत मृत्यू आला. जठर बरणीत घालून त्याने रसायनशाळेला धाडून दिलं आणि हात धुतले.

घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती. दुपारी बाहेरचा माणूस आला होता एकच, धाकटा भाऊ गुंडूराव. गांधीबाजाराच्या मागे त्याची खानावळ. दोघा भावांत वर्षानुवर्षं जेवणाखाण्याचा व्यवहार नव्हता, आणि तरीही त्या दुपारी गुंडूराव झाकणाचा डबा घेऊन वाड्यात शिरताना शेजाऱ्यांनी पाहिला होता. सब-इन्स्पेक्टर शिवण्णाने त्याला लगेच उचलून आत टाकलं. शिवण्णा तरुण होता. त्याला सगळं लवकर कळायचं.

आता प्रश्न एकच होता. त्रिविक्रमराव एकादशीला जेवले की नाही? जेवले असतील तर गुंडूरावच्या गळ्याला फास, आणि मेलेल्या माणसाच्या नावाला कायमचा काळिमा. जेवले नसतील तर पोटात भात आला कुठून?

२

विधवा तुंगाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मुलगा दावणगेरेहून आला होता, पण तो बाहेर भटजींच्या मागे होता. प्रतापराव जोडे काढून पायरीवरच बसले. त्यांनी विचारलं ते बाईंनी ऐकलं, आणि खाली जमिनीकडे बघत उत्तर दिलं. भावजी आले होते. हातात डबा होता. थोडा वेळ मागच्या पडवीत दोघं बोलत होते. मग भावजी गेले. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"अक्का, ते काही खाताना दिसले का तुम्हाला?"

"एकादशीला आमच्या घरात कुणी जेवत नाही."

प्रतापरावांनी तेच तीन तऱ्हांनी विचारून पाहिलं. बाईंनी तिन्ही वेळा तेच वाक्य त्याच शब्दांत परत दिलं. खोटं बोलणारे लोक प्रतापरावांनी आयुष्यभर पाहिले होते. ही बाई खोटं बोलत नव्हती, पण त्या वाक्याच्या आड काहीतरी लपवून बसली होती. गाल इतके आत गेले होते की नवऱ्याआधी हीच गेली असती तरी चाललं असतं असं वाटावं. त्यांना बाईंची कीव आली आणि कंटाळाही आला. कीव आली की काम लांबतं, हा त्यांचा जुना अनुभव.

सून पुष्पावती मात्र बोलायला आसुसलेली होती. तिने त्यांना मागच्या अंगाने बाहेर न्यायच्या निमित्ताने मन मोकळं करून घेतलं. सासूबाई त्या दिवसापासून संध्याकाळी पेलाभर दुधावर आहेत, भाताला शिवत नाहीत. दुःख सगळ्यांनाच असतं, पण असं किती दिवस चालायचं? आधीच ह्या घरचे नेम कडक. चातुर्मासाच्या ह्या पहिल्या महिन्यात भाजी नाही, मिरची नाही, चिंच नाही, तुरीची डाळ नाही, फोडणीला मोहरीसुद्धा नाही.

"मुगाचं वरण आणि आंबोशीचं सार, रोज तेच. माहेरी सांगितलं तर हसतात मला. सासरे मात्र जेवढं खायचे तेवढं ह्यातलंच, आणि तेही स्वल्प. दोन घास घेतले की पोट भरलं म्हणायचे."

प्रतापराव हुंकार देत होते, पण त्यांचं लक्ष पडवीच्या कोपऱ्याकडे गेलं होतं. सगळी फरशी लाल, घोटून गुळगुळीत केलेली. आणि तिथे, भिंतीच्या कडेला, पाटाएवढ्या जागेवर शेणाचा फिकट हात फिरवल्याची खूण होती. प्रतापराव स्वतः मराठे, घरात मटण शिजणारे, पण ह्या लोकांच्या शेजारात लहानाचे मोठे झालेले. पान वाढलं, माणूस जेवून उठला, की खरकट्याची जागा शेणाने सारवून शुद्ध करायची, हा ह्या घरांचा नेम त्यांना पाठ होता. एरवी ह्या फरशीला शेणाचं काम नव्हतं.

हे तुम्ही केलंत का, असं त्यांनी विचारलं. पुष्पावतीने मान हलवली. सासूबाईंनी केलं. एकादशीलाच, दुपारी, काका म्हणजे गुंडूराव गेल्यावर. तिने विचारलं तर सासूबाईंनी उत्तर दिलं नव्हतं.

प्रतापराव त्या खुणेकडे बघत राहिले. चूल न पेटलेल्या घरात, निर्जळी उपासाच्या दिवशी, बाईंनी खरकटं सारवलं होतं.

३

शिवण्णाला हे सांगितल्यावर तो खुर्चीतून उठलाच. त्याच्या मते आता चार्जशीट लिहायला हरकत नव्हती. भावाने डब्यातून भात आणला, थोरल्याने पडवीत बसून खाल्ला, बायकोने अब्रूसाठी जागा सारवली. प्रतापरावांना खोडून काढता येईना. त्यांना खोडून काढायचंही नव्हतं, घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. तरी ते गुंडूरावला भेटायला कोठडीत गेले, कारण न भेटता गेले असते तर झोप लागली नसती.

गुंडूराव आडव्या अंगाचा, गोरा, भरल्या पोटाचा माणूस. एका आईची दोन मुलं इतकी वेगळी असावीत याची गंमत वाटावी असा. पण आता त्याचे डोळे सुजले होते. त्याने आधी विचारलं ते अण्णाचे दिवस नीट होताहेत ना, ते. मग आपणहून भांडणाचं सांगितलं. तरुणपणी त्याने खानावळ काढली, तेव्हा थोरला म्हणाला की शिजवलेलं अन्न विकणं हे पाप आहे, तुझ्या हातचं पाणीही नको. तेव्हापासून सारं शहर त्याच्याकडे जेवलं, त्याचा अण्णा तेवढा नाही.

एकादशीलाही खानावळ चालू असते का, असं प्रतापरावांनी सहज विचारलं.

"चालू असते की. साहेब, चातुर्मास पाळून खानावळ चालवायची म्हणजे जेवायला मी एकटाच. माझ्याकडे बारा महिने भातावर हुळी एकच, तुरीची. चिंच, मिरची, मोहरी सगळं दणकून. नाहीतर गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं."

"मग त्या दुपारी डब्यात काय होतं?"

गुंडूरावने तोंड फिरवलं. "जेवण नव्हतं."

"मग काय होतं?"

"ते सांगणार नाही. अण्णाने आईची शपथ घातलीय."

प्रतापरावांनी त्याला समजावलं, दरडावलं, शेवटी हात जोडले. डबा धुऊन ठेवलेला सापडलाय, शिवण्णा त्यात कुचला होता म्हणणार, न्यायाधीशही तेच म्हणणार. गुंडूराव ढिम्म हलेना. साधी गोष्ट होती, विषाची नव्हती, पण अण्णाचं नाव जाईल अशी होती, एवढंच म्हणत राहिला. असली भावकी प्रतापरावांनी पाहिली नव्हती. जिवंतपणी एकमेकांचं पाणी प्यायचे नाहीत, आणि मेल्यावर एकाच्या शब्दाखातर दुसरा फासावर चढायला तयार.

ते कोठडीबाहेर आले आणि त्यांच्या स्वतःच्या पोटाने दावा ठोकला. छातीखाली कळ आली, ती त्यांना भिंतीवर वाकवूनच थांबली. थर्मास हातातून पडला. शिवण्णाने त्यांना धरलं, आणि गुंडूराव गजांमागून ओरडला, "पाणी देऊ नका, आधी बसवा त्यांना. अण्णाला असंच व्हायचं."

४

इस्पितळातली एक्स-रेची खोली अंधारी होती. डॉ. विद्या बेळवी बेळगावच्या, त्यामुळे प्रतापरावांशी मराठीत बोलायला त्यांना बरं वाटलं. बाईंनी अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला होता. उपाशीपोटी आलेल्या प्रतापरावांच्या हातात त्यांनी पांढऱ्या खडूच्या पाण्यासारखा पेला दिला. ह्या औषधाला बेरियम म्हणतात, ते पडद्यावर काळं दिसतं आणि फोटोत पांढरं, आणि ते जिथे जिथे जाईल तिथला रस्ता दाखवतं, असं त्यांनी सांगितलं. प्रतापरावांनी डोळे मिटून ते गिळलं. चुना खाल्ल्यासारखं लागलं.

बाई पडद्याकडे बघत बोलत होत्या, जसा एखादा जुना गाइड कंटाळलेल्या प्रवाशाला गाव दाखवतो. पचन तोंडातच सुरू होतं, भात चावला की गोड लागतो ते लाळेचं काम. मग अन्ननलिका. घास नुसता खाली पडत नाही, नळीचे स्नायू तो ढकलत नेतात. डोकं खाली पाय वर करून गिळलात तरी तो पोटातच जाईल. आणि मग ही आली पिशवी, जठर.

"हीच पचवते ना सगळं?" प्रतापरावांनी विचारलं. आडवं पडून बोलणं त्यांना अवघड जात होतं, पण बाई बोलत राहिल्या तर बरं वाटत होतं.

"सगळे असंच समजतात. ही मुख्यतः घुसळते. आम्लात भिजवून अन्नाचं पातळ पिठलं करते. भाताचं खरं पचन पुढे, लहान आतड्यात. तिथे यकृताचं पित्त मिळतं, स्वादुपिंडाचा रस मिळतो, भाताची साखर होते आणि ती रक्तात जाते. मागे राहतो तो चोथा मोठ्या आतड्यात, तिथे त्यातलं पाणी शोषलं जातं. पण जठर आणि आतडं यांच्यामध्ये एक दार आहे, स्नायूंचं. ते मोठं शिस्तीचं. पातळ झालं तेवढंच थोडं थोडं पुढे सोडतं."

"आणि पूर्ण रिकामं व्हायला?"

"साधं जेवण असेल तर चार-सहा तास. दुपारचं रात्री पोटात राहत नाही."

प्रतापरावांच्या जठराच्या दाराजवळच एक व्रण दिसत होता. बाईंनी ते न लपवता सांगितलं. आता पथ्य, औषध आणि विश्रांती. नाहीतर असे व्रण भरून येतात, पुन्हा होतात, पुन्हा भरतात, आणि दर खेपेला दार आवळत जातं.

कपडे घालून प्रतापराव बाहेर आले, तेव्हा उजेडाच्या पेटीवर कुणा दुसऱ्याचा फोटो लावलेला होता. एक मोठी पांढरी झोळी, ओटीपोटापर्यंत लोंबलेली. पुढे आतड्यात मात्र पांढरं जवळजवळ काही नाही. त्यांनी विचारलं, हे आत्ताच पाजलं का?

"फोटो आजचा आहे," डॉ. विद्या म्हणाल्या. "औषध कालचं. ह्या बाईंचं दार इतकं आवळलंय की पुढे काही जातच नाही. काल खाल्लेलं आज उलटीत पडतं, ओळखूसुद्धा येतं. बोटांनी पोट हलवलं तर मडक्यात पाणी डचमळावं तसा आवाज येतो. दोन घासांत पोट भरतं. घरचे म्हणतात, बाई विरक्त झाली."

प्रतापराव बाकावर बसले. त्यांना चक्कर आली असं वाटून डॉ. विद्या पुढे झाल्या. पण त्यांना चक्कर आली नव्हती. किती दिवसांनी त्यांना नवल वाटलं होतं.

५

"आपण सगळे चुकीच्या बाजूने विचारतोय," त्यांनी शिवण्णाला सांगितलं. "एकादशीचा भात आला कुठून, हे विचारतोय. दशमीचा भात गेला कुठे, हे कुणी विचारलंच नाही."

शिवण्णाला ते कळेना. मग प्रतापरावांनी शवचिकित्सेचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. माणूस दशमीला दुपारी जेवला होता, याला घरचे सगळे साक्षी होते. ते जेवण एकादशीच्या संध्याकाळपर्यंत खाली मोठ्या आतड्यात पोचायला हवं होतं. पण मोठं आतडं जवळजवळ रिकामं. लहान आतडंही रिकामं. आणि म्हणे माणसाने तास-दोन तासांपूर्वी पोटभर भात खाल्ला! मग त्यातला एक घाससुद्धा दाराबाहेर का पडला नव्हता? दोन-दोन घास करत सगळं त्या एका पिशवीत साठलेलं. पुढचा रस्ता ओसाड.

आणि भात कोणता होता? मूग, मिरी, वाळक्या फोडी. गुंडूरावच्या खानावळीत तूर, चिंच, मिरची आणि मोहरी. त्यातलं एकही पोटात नाही. त्या वाळक्या फोडी कसल्या ते तरुण डॉक्टरला ओळखता आलं नाही, पण पुष्पावतीला दाखवल्या असत्या तर तिने नाक मुरडून सांगितलं असतं. ती आंबोशी, वाळवलेली कैरी. तो चातुर्मासाचा स्वयंपाक होता, आणि त्या घरात तो शेवटचा शिजला होता दशमीला. तुंगाबाईंच्या हातचा.

शिवण्णाने कागद पुन्हा वाचला. मग म्हणाला, पण शेण? बाईंनी खरकटं सारवलं, ते तर खरं ना?

"सरी, बरोबर आहे. खरकटं होतंच," प्रतापराव म्हणाले. पण कसलं, ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. ते आधी जिला सांगायला हवं होतं तिला सांगायचं होतं.

ते कोठडीत गेले आणि गुंडूरावला एकच विचारलं, तुझ्या अण्णाचं पोट डचमळायचं का?

गुंडूराव बोलायला लागला. शपथ त्याने मोडली नव्हती, साहेबांना आधीच कळलं होतं, तेव्हा आता बोलायला हरकत नव्हती. वर्षभर अण्णा त्याला चोरून भेटत होता, टेकडीवरच्या बसवण्णाच्या देवळामागे. पोटात आग पडते, खाल्लेलं वर येतं, म्हणून मागायचा काय, तर खाण्याचा सोडा. घरात मागितला तर बायको वैद्य बोलावेल. आणि लोकांना कळेल की ह्यांचा उपास भक्तीचा नव्हे, पोटाचा. लोक पाया पडायला लागले होते, आणि त्या भल्या माणसाला ते खरं वाटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. गुंडूराव भावाला डबाभर सोडा नेऊन द्यायचा, आणि भावाच्या उपयोगी पडतोय याचा त्याला आनंद व्हायचा. एकादशीला अण्णा देवळामागे आला नाही म्हणून तो डबा घेऊन वाड्यावर गेला, पण अण्णाने डबा परत केला, आज औषधही नको म्हणाला. गुंडूरावने घरी येऊन सोडा ओतून टाकला आणि डबा धुतला. बस, एवढंच.

"मी त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं," तो म्हणाला. "मी सोडा देत बसलो."

बाकीचं काम बरणीने केलं. रसायनशाळेने कसलंही विष नाही असं कळवलं, आणि प्रतापरावांच्या आग्रहावरून डॉ. विद्या आणि तो तरुण डॉक्टर जठराचं शेवटचं टोक बघायला गेले. दार व्रणांनी आखडून दोरीसारखं झालं होतं. पेन्सिल घातली तर जाईना. जठर फुगून दुप्पट झालेलं. तरुण डॉक्टरचा चेहरा उतरला, पण बाई त्याला रागावल्या नाहीत. विषच शोधायचं असं ठरवून बसल्यावर दुसरं दिसत नाही, एवढं म्हणाल्या. वळलेल्या हातांचं कारणही त्यांनी सांगितलं. उलट्यांतून आम्ल निघून जात होतं, वर महिनोन् महिने सोडा, आणि त्यात त्या दिवशी पाणीही नाही. रक्ताचा तोल गेला की हातपाय असे वळतात, आणि शेवटी हृदय थांबतं. खुनी कुणी नव्हताच. एका आजाराला सगळ्यांनी मिळून साधुत्व समजून नमस्कार केला होता.

गुंडूराव सुटला. पण प्रतापरावांचं काम अजून झालं नव्हतं, आणि तेच सगळ्यांत जड होतं.

६

श्रावण लागून बरेच दिवस झाले होते. तुंगाबाई त्याच खांबाला टेकल्या होत्या. आता तर त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पुष्पावती म्हणाली की अजूनही पेलाभर दूधच.

प्रतापराव पायरीवर बसले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"अक्का, त्या दुपारी त्यांना पडवीत उलटी झाली. तुम्ही साफ केलीत. तिच्यात भात दिसला, म्हणून शेण लावलंत."

बाईंनी मान वर केली. इतक्या दिवसांत त्यांनी प्रथमच कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असावं.

"मला वाटलं, भावजींनी आणलेलं खाल्लं," त्या म्हणाल्या. आवाज खोल गेला होता. "जन्मभराचा नेम, आणि धाकट्याच्या मायेत मोडला. कुणाला कळू नये म्हणून पुसलं. आणि पापाचं काय करायचं? ते गेले, प्रायश्चित्त घ्यायला राहिले नाहीत. मग मीच घेतेय त्यांच्याऐवजी. भात सोडलाय."

प्रतापरावांनी मग सावकाश सांगितलं. जठर म्हणजे काय, दार कुठे असतं, ते कसं आवळत गेलं होतं. डॉ. विद्यांनी त्यांना सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने. मूग आणि आंबोशीपाशी आल्यावर ते थांबले.

"तो भात दशमीचा होता. तुम्ही वाढलेला. त्यांनी एकादशी मोडली नाही."

 बाईंनी पदर तोंडात धरला, आणि तो गळून पडला तेव्हा त्या रडत होत्या. प्रतापरावांना वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. पण त्या सुटल्या नव्हत्या.

"साफ केल्यावर त्यांनी मला हाक मारली," त्या म्हणाल्या. "मी ओ दिली नाही. तोंड बघायची इच्छा नव्हती. पुन्हा मारली. मी देवघरात जाऊन बसले. मग हाक आली नाही." आणि त्यांनी विचारलं, "तेव्हाच डॉक्टरला बोलावलं असतं तर?"

हाच प्रश्न प्रतापरावांनी डॉ. विद्यांना विचारून ठेवला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कदाचित. शिरेतून मिठाचं पाणी वेळेवर दिलं असतं तर कदाचित. ते उत्तर प्रतापरावांच्या खिशात होतं, पण ते त्यांनी बाहेर काढलं नाही. आयुष्यभर लोकांकडून खरं काढून घेतलं, आता एकदा आपल्यापाशी ठेवलं तर काय बिघडलं?

"अक्का, हे दुखणं एका दुपारचं नव्हतं. वर्षाचं होतं. त्यांनीच सगळ्यांपासून लपवलं होतं."

हे खोटं नव्हतं. बाईंना ते पुरलं की नाही, हे मात्र त्यांना कळलं नाही. त्यांनी मागल्या दारातून पडवीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. शेणाची खूण केव्हाच धुऊन गेली होती, फरशी लाल होती. मग खांबाला धरून त्या उठल्या. उठताना तोल गेला, पुष्पावतीने सावरलं.

"ह्या महिन्यात दही नाही, पण भाजी चालते," त्या सुनेला म्हणाल्या. "तोंडली आण. आणि भावजींना निरोप धाड, जेवायला या म्हणावं. मी वाढते म्हणावं."

"आणि तुम्ही, सासूबाई?"

 प्रतापराव जोडे घालायचे थांबले.

"तांदूळ माझ्यापुरतेही धू," त्या म्हणाल्या.